एसडब्ल्यूआर १.४ : कोथरूडच्या गच्चीवरच्या दोन अँटेनांचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. पुण्यात कोथरूडमधली चार मजली सोसायटी, दुसऱ्या मजल्यावर राहणारे सत्तरी ओलांडलेले हॅम, म्हणजे हौशी परवानाधारक रेडिओवाले काका आणि गच्चीवर चाळीस वर्षांहून जुनी, मूळची सीबी, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या 'सिटिझन्स बँड' रेडिओसाठी बनलेली उभी अँटेना. काकांना दहा मीटरच्या, म्हणजे २८-२९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर काही ऐकू येईना, म्हणून बाणेरला राहणाऱ्या मुलाने फायबरग्लासची नवी अँटेना आणून दिली. ती चढवल्यावर स्टेशनं वाढली, पण खरखरही वाढली. लगेच आमच्या हॅम मंडळीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं 'जुनं ते सोनं', दुसऱ्याचं 'ते अ‍ॅल्युमिनियम किलोवर घाला'. दोघांकडेही आकडे होते, आणि दोघांचेही आकडे दिशाभूल करणारे होते. ते कसे, हेच इथे मांडतो.

जुनी म्हणजे कुठली

काकांचे थोरले बंधू व्यापारी जहाजावर नोकरीला होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेच्या एका फेरीत ही अँटेना आणली. एकात एक सरकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, तळाशी कॉइल, चार बाजूंना चार रेडियल, म्हणजे बुडातून बाहेर फाकणाऱ्या नळ्या. लांबीने ही 'फाइव्ह बाय एट', म्हणजे लहरीच्या पाच-अष्टमांश. सीबीच्या २७.२ मेगाहर्ट्झला लहर साधारण ११ मीटरची, तिचे पाच-अष्टमांश ६.९ मीटर. काकांकडे जनरल ग्रेडचा हॅम परवाना आहे, त्यांना हवा होता २८.४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग. तिथे हीच लांबी ६.६ मीटर होते. म्हणजे नळ्या फूटभर आत सरकवायच्या, रेडियल थोडे आखूड करायचे आणि कॉइलवरचा टॅप, म्हणजे तार जोडायची जागा, जुळवून घ्यायचा. सीबीची अँटेना दहा मीटरवर आणणं जगभरच्या हॅम लोकांना नवीन नाही. दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे ते सोपंही पडतं.

या अँटेनांचा जन्म अमेरिकेतल्या सीबीच्या लाटेतला. तिकडे १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झवर सर्वसामान्यांसाठी २३ चॅनल खुले झाले. १९७३ च्या तेलटंचाईत ट्रक ड्रायव्हरांनी ते डोक्यावर घेतले, आणि १ जानेवारी १९७७ पासून चॅनल ४० झाले. त्या काळात घराच्या छपरावर बसवायच्या अँटेनांचं पेवच फुटलं. पाव लहरीची, तीन पाय खाली सोडलेली स्टारडस्टर, अवंती कंपनीची चमत्कारिक आकाराची अ‍ॅस्ट्रो प्लेन, हाय-गेनची फाइव्ह बाय एट सीएलआर-२. आणि शेक्सपिअरची बिग स्टिक, जी फायबरग्लासची होती. म्हणजे पांढरी काठी दिसली की ती आधुनिक, असं काही नाही. उलट आज नवीन म्हणून विकली जाणारी सिरिओची व्हेक्टर ४००० ही अवंतीच्या सिग्मा मालिकेच्या वंशातली. जुनं-नवं हा भेद बांधणीत, कोटिंगमध्ये आणि जाहिरातीत आहे. लहरींचं गणित दोघांनाही तेच लागू.

भारतात २००५ च्या अधिसूचनेने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंतच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. अमेरिकी ४० चॅनलचे संच मात्र २७.४०५ पर्यंत जातात, म्हणजे अठ्ठाविसाव्या चॅनलपासून पुढचं सगळं आपल्या पट्ट्याबाहेर. गंमत अशी की १९७७ च्या आधीचे २३ चॅनल २७.२५५ लाच संपतात, त्यामुळे ते सगळेच्या सगळे आपल्या हद्दीत बसतात. कुणी नातेवाइकांकडून संच मागवत असेल तर हे आधी बघावं. काकांचा मामला हॅम परवान्याखालचा, त्यामुळे इथे तो प्रश्न नव्हता.

तक्रार

काकांची पहिली तक्रार २०१९-२० ची. तिच्यात अँटेनाचा दोष नव्हताच. दहा मीटरचा पट्टा सूर्यावरच्या डागांच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रावर चालतो, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते चक्र तळाला होतं. तेव्हा तिथे कुणालाच फारसं काही मिळत नव्हतं. पण २०२४ मध्ये चित्र पालटलं होतं. सूर्य ऐन भरात, आमचे नवशिके व्हीयू-३ वाले खिडकीबाहेर वायर टाकून युरोप काढत होते आणि काका मात्र जोरदार स्टेशनं तेवढी ऐकून रेडिओ बंद करत होते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी एसडब्ल्यूआर मीटर दाखवला. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत फिरते ते त्यावर कळतं. एक म्हणजे काहीच परत नाही, आकडा जितका मोठा तितकी जास्त परत. "हे बघ, एसडब्ल्यूआर एक पॉइंट चार. इतकी वर्षं झाली, सुई हललेली नाही. अँटेनाला काय धाड भरलीय? तुमचे रेडिओच आता मऊ झालेत." काकू आतून म्हणाल्या, "त्यांना कानाचं सांगा आधी." कानाचं काही नव्हतं. सुईचं होतं.

केबल

रेडिओच्या मागून निघालेली आरजी-५८ केबल बाल्कनीतून भिंतीवरून गच्चीवर गेली होती. लांबी ३५ मीटरच्या घरात. ती कधी टाकली हे काकांना आठवत नव्हतं. "मुलाच्या मुंजीच्या आधी," एवढंच सांगितलं. मुलगा आता पन्नाशीला आला आहे.

गच्चीवर जाऊन मी अँटेनाच्या बुडाचा पीएल-२५९ कनेक्टर सोडवला आणि केबल तशीच, काहीही न जोडता, हवेत लोंबत ठेवली. मग काकांना फोन करून सांगितलं, शक्ती अगदी कमी ठेवा, क्षणभर कॅरिअर, म्हणजे आवाजाविना नुसती लहर, सोडा आणि सुई वाचा. ते म्हणाले, "एक पॉइंट आठ."

केबलच्या टोकाला अँटेनाच नाही, तरी मीटर म्हणतोय १.८, म्हणजे बहुतेक माणसं चालवून घेतील असा आकडा. काकांना ते पटेना. ते दुसऱ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत गुडघे धरत वर आले, मोकळं टोक डोळ्यांनी पाहिलं, आणि कठड्यावर बसून राहिले.

यामागचं गणित सोपं आहे. मोकळ्या टोकावरून सगळी ऊर्जा परत फिरते, त्यामुळे चांगल्या केबलवर एसडब्ल्यूआर भयंकर दिसायला हवा. पण केबलच ऊर्जा खात असेल, तर जाताना थोडी जिरते, येताना पुन्हा तेवढीच जिरते, आणि परत आलेली इतकी क्षीण असते की मीटरला वाटतं सगळं आलबेल आहे. नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्राने मोजलं तेव्हा २८.४ ला मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस, म्हणजे जाऊन परत येईपर्यंतची घट, ११ डीबी आला. (डीबी हे शक्तीच्या प्रमाणाचं माप, १० डीबी म्हणजे दहापट फरक.) त्याचं निम्मं, ५.५ डीबी, ही केबलची एका दिशेची गळती. नव्या कोऱ्या आरजी-५८ ची या लांबीला आणि या फ्रिक्वेन्सीला तीनच्या आत-बाहेर असते. काकांच्या १०० वॅटमधले अँटेनापर्यंत २८ पोचत होते, उरलेले भिंत गरम करत होते.

मग अँटेना थेट तिच्या बुडाशी मोजली, मधे केबल न ठेवता. तिथे एसडब्ल्यूआर ३.४. म्हणजे पोचलेल्या २८ वॅटमधला तीसेक टक्के भाग आल्या पावली परत. तोच ३.४ चा आकडा त्या गळक्या केबलमधून खाली उतरला की १.४ दिसतो. कागदावर मांडून बघा, बरोबर तेवढाच येतो. इतकी वर्षं सुई हलली नव्हती, कारण अँटेना जसजशी बिघडत होती तसतशी केबलही सडत होती, आणि दोघींचं संगनमत मीटरवर सरळ रेषेत दिसत होतं.

पीएल-२५९ कापून उघडला तेव्हा कारण दिसलं. कनेक्टरवर बाहेरून नुसती इलेक्ट्रिकची काळी टेप होती, तिचा चिकटा उन्हात वितळून पुन्हा कडक झालेला. आत तांब्याची जाळी काळीठिक्कर, टोकाला हिरवट भुकटी. चाकूने केबलचं बाहेरचं आवरण सोलत खाली गेलो, तर हातभर अंतरावरही जाळी काळीच. पावसाचं पाणी विणलेल्या जाळीत दिव्याच्या वातीसारखं चढत जातं. या फ्रिक्वेन्सीला प्रवाह जाळीच्या एका तारेवरून दुसरीवर उड्या मारत जातो, आणि प्रत्येक उडीला मधे गंजाचा थर आला की गळती वाढते. मल्टिमीटरला हे कळत नाही. त्यावर केबल 'कंटिन्युअस'च दाखवते, आणि काका दर गणपतीला नेमकं तेवढंच तपासत होते.

अँटेनाची खोलाखोल

तिकडे मुलाने आणलेली नवी अँटेना खोक्यात तयार होती. माझं मत होतं की आधी जुनी उघडून बघावी. काका म्हणाले, "उघड, पण टाकायची नाही हे आधी ठरव." ठरवलं.

दोष तीन निघाले. नळ्यांच्या सांध्यांत पांढरी पूड बसली होती. अ‍ॅल्युमिनियमचा हा ऑक्साइड वीज वाहू देत नाही, त्यामुळे नळी दिसायला अखंड असली तरी विजेच्या दृष्टीने तुटक होती. दुसरा दोष कॉइलच्या टॅपवर. तिथे कुणीतरी, बहुधा काकांनीच, तांब्याची वायर सरळ अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रूने आवळली होती. दोन वेगळे धातू आणि वर पावसाचं पाणी, म्हणजे तिथे बारीकसा सेलच तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. स्क्रूखाली खड्डा पडला होता. तिसरा दोष जरा हसण्यासारखा. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बसवताना प्लंबरला चौथा रेडियल आडवा आला, म्हणून त्याने तो वाकवून बाइंडिंग वायरने त्याच पाइपाला बांधून टाकला होता. काम मात्र भक्कम केलं होतं.

दुरुस्तीला भारी सामान लागलं नाही. हिरव्या घासणीने सांधे आतून-बाहेरून चकचकीत केले. लोखंडी तारेची घासणी वापरू नये, तिचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच गंज सुरू होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या लगला लावतात ती पेस्ट सांध्यात भरली, स्टेनलेसचे क्लॅम्प घातले, टॅपला कल्हई केलेला लग आणि मधे स्टेनलेसचा वॉशर. वाकलेला रेडियल सरळ होईना, म्हणून तेवढ्याच व्यासाची नळी आणून नवा केला. कॉइलखालच्या इन्सुलेटरचा पृष्ठभाग खडूसारखा झाला होता, पण तडा नव्हता, म्हणून तो तसाच ठेवला. बुडाशी पुन्हा मोजलं, २८.४ ला १.३. वर २९.६ ला, जिथे एफएमवाले असतात, तिथे २.३.

चाळीस वर्षांच्या वस्तूबद्दल हे लक्षात घेण्यासारखं आहे. प्लंबरने वाकवलेला रेडियल सोडला, तर जे बिघडलं होतं ते सगळं सांध्यांत होतं. नळी तीच, लांबी तीच, कॉइल तीच. आणि सांधे उघडता येत होते.

नवी आणि तिची खरखर

नवी अँटेना म्हणजे फायबरग्लासची तीन तुकड्यांची पांढरी काठी. आत तार, बुडाच्या डबीत मॅचिंग, लांबी लहरीच्या ०.६४ पट, रेडियल शून्य. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती फार आवडली. जुनीला ते 'सांगाडा' म्हणत. बसवायलाही झटपट, आणि एसडब्ल्यूआर २७ पासून २९ पर्यंत सपाट. नवी आली तेव्हा मुलाने स्वतःच नवी आरजी-२१३ केबल टाकून घेतली होती. म्हणून चढवल्या चढवल्या काकांना स्टेशनं दुप्पट ऐकू आली आणि 'नव्या अँटेनाची कमाल' असा निकाल लागून गेला. ही कमाल बहुतांशी केबलची होती. तीच ३५ मीटर लांबी आरजी-२१३ मध्ये १.३ डीबीच्या आसपास खाते. ५.५ वरून १.३, शिवाय अँटेनावरून परत फिरणारा भाग वाचला. एकूण पावणेसहा डीबीचा फायदा, म्हणजे जवळजवळ एक एस-युनिट (रेडिओच्या सिग्नल-मीटरवरचा एक अंक), आणि तो अँटेनाच्या वयाशी निगडित नाही.

खरखर मात्र खरोखर नवीचीच होती. रेडिओवर काहीच स्टेशन नसताना सुई एस-६ वर. लिफ्ट सुरू झाली की आणखी वर. काका म्हणत, "कोण खाली चाललंय ते मला आता रेडिओवर कळतं." आणि उलट बाजूने, काका बोलायला लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या दाराची बेल वाजायची. वहिनी दार उघडून बघायच्या, बाहेर कोणी नाही. सोसायटीत याचे जे अर्थ लागायचे ते लागले.

कारण असं. अँटेनात जेवढा प्रवाह वर जातो तेवढाच दुसऱ्या बाजूला कुठेतरी जावा लागतो. रेडियल असले तर तो रेडियलमध्ये जातो. काठीला रेडियल नसतात, म्हणून तो केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली उतरतो. मग बाल्कनीपर्यंतची ३५ मीटर केबल हाच अँटेनाचा अर्धा भाग होऊन बसतो. ती केबल लिफ्टच्या मशीनरूमला घासून, मीटरच्या पेटीजवळून, एलईडी दिव्यांच्या शेजारून खाली येते. लिफ्टच्या ड्राइव्हची सगळी घाण ती गोळा करते, आणि प्रक्षेपण करताना वहिनींच्या भिंतीपाशी स्वतः प्रसारण करते. माहितीपत्रकात 'रेडियलची गरज नाही' असं लिहिलेलं असतं ते एसडब्ल्यूआरपुरतं खरं आहे. एसडब्ल्यूआर चांगला येतो, कारण केबल रेडियलचं काम बिनतक्रार करते.

आणि सपाट एसडब्ल्यूआरचं कौतुक मला एका मर्यादेपलीकडे नाही. डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी चाचणीला जोडायच्या नुसत्या रेझिस्टरचा एसडब्ल्यूआर सगळ्या पट्ट्यांवर १.० असतो, आणि तो एक मिलिवॅटही हवेत सोडत नाही.

उपाय स्वस्तात झाला. अँटेनाच्या बुडाशी चार इंची पीव्हीसी पाइपवर केबलचे सहा वेढे घेऊन जाळीबाहेरून उतरणारा प्रवाह अडवणारा चोक केला, आणि डबीखाली पाव लहरीचे, म्हणजे २.६४ मीटरचे चार रेडियल लावले. सुई एस-६ वरून एस-३ वर आली. बेल थांबली. सेक्रेटरींचा चेहरा पडला, कारण आता काठीलाही सांगाडा फुटला होता.

समोरासमोर

आता दोन्ही अँटेना चांगल्या अवस्थेत होत्या, तेव्हा तुलना करण्यात अर्थ होता. 'मला वाटतं ही जास्त चांगली ऐकते' हे इथे चालत नाही. लहरी आयनमंडलातून येतात तेव्हा सिग्नल मिनिटा-मिनिटाला चढतो-उतरतो, आणि अँटेना बदलायला पंधरा मिनिटं लागली की मधल्या वेळात सूर्यानेच काहीतरी करून ठेवलेलं असतं.

म्हणून गच्चीच्या दोन टोकांना सारख्या उंचीचे दोन पाइप उभे केले, मधे १२ मीटर अंतर ठेवून. एका लहरीपेक्षा जवळ ठेवल्या तर दोन्ही अँटेना एकमेकींचे सिग्नल ओढतात आणि मोजमाप फसतं. दोन्हींना आरजी-२१३, सारख्याच लांबीची, दोन्हींना चोक, खाली कोअ‍ॅक्स स्विच. आणि रेडिओच्या आधी फक्त ऐकण्यापुरता, एकेक डीबीने सिग्नल कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर, तपकीर गल्लीतून आणलेल्या रेझिस्टरांचा. एस-मीटरवर माझा विश्वास नाही. कागदोपत्री एक एस-युनिट म्हणजे ६ डीबी, पण बहुतेक संचांवर तो खालच्या भागात तीनचा असतो आणि वरच्या भागात आणखी काहीतरी. सुई एका ठरावीक जागी आणायला किती डीबी घालावे लागले, एवढंच लिहून ठेवायचं.

स्थानिक सिग्नलसाठी हडपसरचा एक मित्र कॅरिअर सोडायला तयार झाला. मधे बारा-तेरा किलोमीटर, मोठा अडथळा नाही. पाषाणला राहणारा दुसरा एक जण जास्त जवळचा होता, पण कोथरूड आणि पाषाण यांच्या मधे वेताळ टेकडी आहे. टेकडीच्या सावलीत अँटेना दोन मीटर इकडे-तिकडे झाली तरी सिग्नल बदलतो, म्हणून त्याला नकार दिला. तो अजून रुसलेला आहे.

लांबच्या सिग्नलसाठी २८.२०० मेगाहर्ट्झवरचे आंतरराष्ट्रीय बीकन वापरले. ही सोय फार सुंदर आहे आणि आपल्याकडे फार कमी जण वापरतात. जगभरची अठरा केंद्रं आळीपाळीने, प्रत्येकी दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. प्रत्येक केंद्र आपलं नाव मोर्समध्ये सांगून चार लांब डॅश देतं. पहिला १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा आणि चौथा ०.१ वॅटचा. प्रत्येक डॅशला १० डीबीची उतरण. कुठलं यंत्र न लावता, कानाने डॅश मोजले की अँटेनाची परीक्षा होते. काकांना मोर्स अजून तोंडपाठ आहे. ते डोळे मिटून सांगायचे, "हाँगकाँग. तीन आले. चौथा नाही." स्विच फिरवला, पुढच्या फेरीला पुन्हा, "हाँगकाँग. तीन."

निकाल असा लागला. बीकनवर दोन्ही अँटेनांचे डॅश सारखे. कधी एकीचा तिसरा जरा ठळक, कधी दुसरीचा, आणि हा फरक सिग्नलच्या चढ-उतारातच बुडून जाणारा. हडपसरच्या कॅरिअरवर जुनी १ डीबीने पुढे. जुन्याच्या पक्षाने लगेच उचल खाल्ली. मग दोन्ही अँटेनांच्या जागांची अदलाबदल केली. आता नवी अर्ध्या डीबीने पुढे. म्हणजे पूर्वेकडची जागा पश्चिमेकडच्या जागेपेक्षा पाऊण डीबीने सरस, कारण पश्चिमेला लिफ्टची खोली आणि लोखंडी जिना. अँटेनांतला खरा फरक हिशेबाने पाव डीबी उरतो. तो मोजायची आमच्या साधनांची लायकी नाही.

खोक्यावरच्या आणि जुन्या कागदावरच्या 'गेन'च्या आकड्यांबद्दल इथेच बोलून घेतो. जुन्या जाहिरातीत नुसतं 'डीबी' लिहिलेलं असे, कशाच्या तुलनेत ते नाही. नव्या खोक्यावर 'डीबीआय' असतं, ते काल्पनिक सर्वदिश अँटेनाच्या तुलनेत. साध्या डायपोलशी तुलना करायची तर त्यातून २.१५ वजा करावे लागतात. फाइव्ह बाय एटला पाव लहरीपेक्षा ३ डीबी जास्त मिळतात हे पुस्तकातलं वाक्य अचूक आहे, पण ते आदर्श, अमर्याद, संपूर्ण वाहक जमिनीवर. आपल्याकडे गच्चीचा स्लॅब आणि चार रेडियल. अर्ध्या लहरीच्या अँटेनापेक्षा डीबीभर फायदा मिळाला तरी मी खूश असतो.

कुठली राहिली

सोसायटीने दोन अँटेनांना परवानगी दिली नाही, आणि ते योग्यच होतं. काकांनी जुनी ठेवली. भावनेचा भाग त्यात होताच, थोरल्या भावाने आणलेली वस्तू. पण तांत्रिक बाजूनेही मी त्याच मताचा होतो. तिची कॉइल नळीला थेट पाइपाशी जोडते, त्यामुळे वळिवाच्या आधी हवेत साठणारी स्थिर वीज निचरून जाते. पाइप इमारतीच्या वीजवाहक पट्टीला जोडला आहे. प्रत्यक्ष वीज पडली तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. म्हणून सिमला ऑफिसचा, म्हणजे पुण्याच्या हवामान खात्याचा इशारा आला की काका केबल काढून बाल्कनीबाहेर ठेवतात, हे उत्तम. दुसरं म्हणजे उद्या सांधा बिघडला तर तो दिसेल आणि पान्याने उघडता येईल. काठीच्या आतली तार तुटली तर ती काठी फेकूनच द्यायची. शिवाय काही वर्षांच्या उन्हानंतर फायबरग्लासचे तंतू वर येतात, हात लावला की दिवसभर खाज. वेळेवर रंग दिला तर ते टळतं, पण देतं कोण.

वाऱ्याच्या बाबतीत दोघी सारख्याच, फक्त वेगळ्या तऱ्हेने. जाड काठी वारा जास्त अडवते पण लवून मोकळी होते. जुनीच्या टोकाची बारीक नळी वारा कमी अडवते पण थरथरत राहते आणि सांधे सैल करते. वारा न अडवणं हे किती मोठं शास्त्र आहे ते बघायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या बघाव्यात. पत्र्याऐवजी स्टेनलेसच्या बारीक तारांची जाळी, वारा आरपार जातो, म्हणून एवढा पसारा तोलला जातो. काकांच्या अँटेनाला आम्ही मधल्या सांध्याखाली नायलॉनचे तीन ताण दिले. वायररोप चालत नाही, तो स्वतःच अँटेना होतो.

नुकसान झालं ते पट्ट्याच्या रुंदीचं. २९.६ च्या एफएमवर काका आता कमी शक्तीवर बोलतात आणि नव्या काठीची आठवण काढतात. ती मुलाने मुळशीच्या प्लॉटवर नेली. तिथे लिफ्ट नाही, एलईडी नाहीत, खरखर नाही, आणि तिथे तीच काठी बिनरेडियलची उभी करूनही छान चालते.

एखादा नवा परवानाधारक फ्लॅटमध्ये राहत असेल आणि त्याने मला विचारलं, तर मी त्याला जुनी शोधत जुना बाजार पालथा घाल असं सांगणार नाही. नवी काठी घे, पण चोक आणि रेडियलसकट. पैसे मर्यादित असतील तर आधी केबलवर घाल, मग पाइपाच्या उंचीवर, आणि उरले तर अँटेनावर. आमच्या मंडळीत हा क्रम अजूनही उलटाच लावला जातो, कारण केबलचा फोटो कोणी कोणाला दाखवत नाही.

काकांच्या गच्चीवर टाकीच्या भिंतीवर आता ऑइलपेंटने एक ओळ लिहिली आहे : 'केबल मोकळी, २८.४, रिटर्न लॉस २.६ डीबी', आणि खाली महिना-वर्ष. दर मे महिन्यात पीएल-२५९ सोडवायचा, वरची सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःतच एकजीव होणारी) टेप कापून टाकायची, मोकळ्या टोकाने तोच आकडा पुन्हा मोजायचा आणि नवी टेप गुंडाळायची. साडेतीनच्या वर गेला तर वरचा अर्धा मीटर कापून नवा कनेक्टर. पाचच्या वर गेला तर सगळी केबल बदलायची, मग रेडिओवरचा मीटर काहीही म्हणो.